आर्टिचोक, एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद

रविवारचा स्वयंपाक मी करणार, असं मी जाहीर केलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो, हे आधीच सांगून ठेवतो. (बायकोला अजून शंका आहे.)

त्याचं असं झालं. सासूबाईंना आमच्याकडे राहायला येऊन तीन महिने झाले होते. एकतीस वर्षं त्या मुलींच्या वसतिगृहात मुख्य स्वयंपाकीण होत्या. दोनशे मुली, दोन्ही वेळा, आणि एकही उपाशी उठली नाही. निवृत्त झाल्या आणि यांचीच भूक गेली. बायकोने कौतुकाने बजावलं, "आई, आता तू नुसता आराम करायचा. ओट्याजवळ दिसलीस तर बघ!" सासूबाई आराम करू लागल्या आणि वाळू लागल्या. दोन घास खायच्या, "झालं माझं" म्हणायच्या की उठल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. म्हणाले, "तोंडाला चव येईल असं काही नवीन देऊन बघा." बायको ओट्याशी उभी राहून डोळे पुसायची आणि कांद्यावर ढकलायची. कांदा नसलेल्या दिवशीसुद्धा.

मला ते बघवेना. नवीन म्हणजे काय, तर नवीन भाजी! सासूबाईंनी जन्मात पाहिली नसेल अशी! मी पिशवी उचलली आणि सकाळी सातलाच बाजार गाठला.

कोपऱ्यातल्या भाजीवालीपुढे माझं घोडं थांबलं. एक भाजी काटेरी, खवल्याखवल्यांची, मूठ आवळून बसलेली. दुसरी मातकट गोळा, खाली मुळांची दाढी.

"हे काय हो?"

"आर्टिचोक. आणि ती सेलरीची गड्डी."

"यांचं करतात काय?"

"विकतात," ती म्हणाली. "मी तरी."

मी दोन्ही घेतल्या. घरी येताना जिने चढलो ते दोन-दोन पायऱ्या गाळून. (तिसऱ्या मजल्यावर थोडा वेळ बसलो, ती गोष्ट वेगळी.)

बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं. "अहो, यातलं एक जिवंत आहे का?"

"आज स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही!" मी दार लावून घेतलं.

आता कृती कुठून आणायची? पण मी काय तयारीशिवाय उतरलोय? सासूबाईंची वसतिगृहातली वही फळीवर होती, ती हळूच काढली. बटाट्याच्या रस्स्याचं पान उघडलं. बटाट्याच्या जागी नवी भाजी घालायची, की झालं! अडचण एकच, सगळी मापं दोनशे माणसांची. पण इथे माझा हात कोण धरणार? मी ऑफिसात स्टेशनरी भांडाराचा कारकून आहे. कागद, टाचण्या, खोडरबर, जे येईल त्याला माणसांच्या संख्येने भागायचं, हेच सोळा वर्षं करत आलोय. आम्ही तिघं, आणि सासूबाई दुसऱ्यांदा वाढून घेतील या आशेवर चौथं पान. म्हणजे प्रत्येक आकड्याला पन्नासने भागायचं.

चाळीस किलो भाजी, भागिले पन्नास, आठशे ग्रॅम. चार लिटर तेल, ऐंशी मिलिलिटर. मीठ पाचशे ग्रॅम, दहा ग्रॅम. शिजवण्याची वेळ दीड तास. भागिले पन्नास, एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद.

मी हरखलोच. इतकी झटपट भाजी असते आणि बायका सकाळभर ओट्याशी करतात तरी काय? (हे मी मनातच म्हणालो. तेवढी अक्कल आहे.)

आर्टिचोक सोलला. आतला गाभा मऊ आणि केसाळ निघाला, म्हणून काढून सालींवर टाकला. बाहेरची खवली चांगली दणकट, ती घेतली. गड्डीची दाढी केली. सगळं पातेल्यात घातलं, मोबाईलवर वेळ लावली आणि घंटी वाजताच गॅस बंद. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

"चला! पानं वाढलीत!"

सासूबाई येऊन बसल्या. मी श्वास रोखून बघत होतो. त्यांनी एक खवलं तोंडात घातलं आणि चावू लागल्या. बायकोने घातलं, तीही चावू लागली. मीही चावू लागलो. तिघंही चावत होतो. तोंड काही रिकामं होईना. गड्डीचा तुकडा माझ्या दाताखाली खडूसारखा कडाडला.

"झालं माझं," सासूबाई म्हणाल्या. बायकोने मान खाली घातली, आणि या वेळी आसपास कांदा नव्हता.

"जावईबापू, किती वेळ शिजवलंत हो?"

मी वही पुढे केली. समासात माझा भागाकार होता. सासूबाईंनी चष्मा लावला, बोट फिरवत खालपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"वेळेलाही भागलंत?"

"सगळ्यालाच भागलं, आई. वेळेलाच वगळायचं कशाला?"

त्या आधी नुसत्या हलल्या. मग खांदे हलले, मग खुर्ची. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, दोन मिनिटांत भाजी! मी एकतीस वर्षं उगाच काढली गं!" तशाच उठल्या, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात शिरल्या.

"आई, तू आराम..." बायको म्हणाली.

"गप्प बस. कांदा चीर." मग सालींच्या ढिगाकडे बघून ओरडल्या, "अहो, मऊ होतं ते टाकलंत आणि टणक होतं ते शिजवलंत?" गाभा उचलून धुतला, चमच्याने त्यावरचे केस खरवडले, तुकडा दाताखाली धरून बघितला. "हं! हे आहे होय तुझ्या पोटात!" हे आर्टिचोकला.

पुढचा दीड तास आमचं घर म्हणजे वसतिगृह झालं. "ज्योत कमी!" "पाणी आण!" "जावईबापू, तुम्ही लांब उभे राहा!" सगळ्या घरभर वास सुटला. मग त्या जेवायला बसल्या आणि वाटीभर खाऊन वाटी पुढे केली. "अजून घाल गं." बायकोने वाटी काठोकाठ भरली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. (वाजवल्या. एकट्यानेच.)

जेवण झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, उद्याही अशीच अनोळखी भाजी आणा. आणि आधी तुम्हीच करायला घ्या."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "म्हणजे माझ्या हाताला..."

"तुमच्या हाताला काही नाही हो. पण तुमचं बघितलं की माझे हात शिवशिवतात, आणि ते निस्तरता निस्तरता मला सपाटून भूक लागते."

आता फ्रिजवर बायकोच्या अक्षरात वेळापत्रक लागलंय. साडेसहा ते सात: यांचा स्वयंपाक. सात ते साडेआठ: स्वयंपाक.