कोयनानगरच्या गाडीतलं बाळ

कराडच्या स्टँडवर डॉ. संयोगिता मोहित्यांच्या बॅगेची चेन तुटली आणि आतलं बाळ डोकं बाहेर काढून फलाटाकडे बघू लागलं. बाळ रबराचं होतं. संयोगिता मिरजेच्या एका नर्सिंग कॉलेजात सामुदायिक आरोग्य शिकवत. तान्ह्या बाळाच्या बाबतीत घरात आजीचा शब्द किती चालतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी कोयनानगरला आज्यांची बैठक ठरली होती आणि हे बाळ तिथं शिकवायला निघालं होतं. ते खऱ्याइतकंच जड होतं, आणि चेहराही खऱ्यासारखाच. त्यांनी ते ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं आणि गच्च भरलेल्या एसटीत चढल्या.

लगेच जागा मिळाली. शेजारी मनुबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या, लेकीकडे निघालेल्या.

"लेकीचं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आमचंच," संयोगिता म्हणाल्या. त्यांच्या मनात कॉलेज होतं.

मनुबाईंनी त्यांच्या पिकल्या केसांकडे एकवार पाहिलं आणि हात जोडले. देव उशिरा देतो पण देतो, हे त्यांनी मागच्या बाकाला कळवलं. मागच्या बाकानं पुढं पोचवलं.

खुलासा करायची हीच वेळ होती. पण गावच्या माणसाला पहिल्याच वाक्यात खोडून काढू नये, आधी विश्वास मिळवावा, माहिती मागाहून द्यावी, असं संयोगिता वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. त्यावर त्यांचा शोधनिबंधही होता. तेव्हा त्या विश्वास मिळवत राहिल्या. मनुबाईंनी आपली सगळी बाळंतपणं सांगून टाकली. मग कौतुकानं ओढणीत हात घातला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, लेकराचं पाय गार पडल्यात."

"रबराचं आहे ते. बाहुला आहे," संयोगिता हसून, शांतपणे म्हणाल्या.

त्या शांतपणानंच घात केला. पोटचं पोर गार पडलंय आणि आई हसून बाहुला म्हणतेय, म्हणजे धक्क्यानं डोकं फिरलं, असं मनुबाईंनी ठरवलं. त्यांनी बाळ ओढून आपल्या पदराखाली घेतलं आणि ते द्यायला ठाम नकार दिला. कंडक्टर केरबा धावत आला. संयोगितांनी त्याला कॉलेज, संशोधन, प्रात्यक्षिक असं सगळं मुद्देसूद समजावलं. केरबा मान हलवत राहिला.

"व्हय बाई, बाहुलाच हाय. तुमी निवांत बसा," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरला हाक दिली, "मधी कुठं थांबू नगंस. सरळ दवाखाना घे."

ज्यांचे थांबे मागे पडले त्यांनीही तक्रार केली नाही. वाटेतल्या सरकारी दवाखान्याच्या आवारात एसटी शिरली तेव्हा अर्धी गाडी डोळे पुसत होती. मनुबाई बाळ घेऊन पुढं पळाल्या. आईला बघवणार नाही म्हणून दोन बायकांनी संयोगितांना मागं धरून ठेवलं.

आत सृष्टी नावाची नर्स होती. गाडीभर माणसं आक्रोश करत आली म्हटल्यावर तिनं चेहरा न्याहाळण्यात वेळ घालवला नाही. बाळ टेबलावर ठेवलं, श्वास नाही हे पाहिलं आणि छातीवर दोन बोटं टेकवून दाबलं. टिक् असा आवाज आला.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शिकायच्या बाहुल्याच्या छातीवर पुरेसा दाब पडला तरच तो येतो. प्रात्यक्षिक परीक्षेत तो आला नव्हता म्हणून ती एकदा नापास झाली होती. तिनं मान वर केली. दाराशी, दोन बायकांच्या कचाट्यात, तिच्या मोहिते मॅडम उभ्या होत्या.

सृष्टीची बोटं थांबली नाहीत. तिनं मोजून दाब दिले, मास्क लावून श्वास दिला, सगळं पार पाडलं. मग घाम पुसला.

"मॅडम, न कळवता परीक्षा? पास का?"

"पास," संयोगिता म्हणाल्या. हात सोडवून घेत, नेहमीच्या वर्गातल्या आवाजात पुढं म्हणाल्या, "छान केलंस. पण अंग आधी झाकायचं."

मनुबाईंनी बाळाचा गाल चिमटीत धरून पाहिला.

"आदी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं की."

"रडून सांगायचं. असं हासत सांगितल्यावर कोन खरं मानंल?"

हे संयोगितांनी पुढच्या शोधनिबंधासाठी टिपून घेतलं. मग समोर एवढ्या आज्या आयत्या जमलेल्या पाहून त्यांचा जीव सुपाएवढा झाला. त्यांनी व्हरांड्यातच सतरंजी मागवली. बाळ गार पडलं तर काय करायचं, श्वास थांबला तर बोटं कुठं टेकवायची, हे प्रत्येकीकडून टिक् वाजेपर्यंत करून घेतलं. केरबानं गाडीला उशीर होतोय म्हणून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तो स्वतःच ओळीत उभा राहिला.

कोयनानगरला त्यांनी थोडं थांबायचा निरोप दिला आणि बाळ गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात मनुबाई पुढं झाल्या. सृष्टीच्या डोळ्यातलं काजळ करंगळीवर घेऊन त्यांनी बाळाच्या कानामागं तीट लावली.

"लय जनांची नजर पडली आज," त्या म्हणाल्या.

बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नये, हे वाक्य संयोगितांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तीट कानामागं होती. त्यांनी ओढणी कानाशी जरा सैल ठेवली, तीट पुसली जाऊ नये म्हणून.