सुया की किरण?

शांतिलालशेठ सकाळपासून गादीवर बूड टेकवत नव्हते. एका बाईला तर त्यांनी लुगड्याऐवजी चादर मोजून दिली. कारण सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मूत्राशयाखालच्या ग्रंथीत कॅन्सरची सुरुवात आहे. वेळेत आलात. मुंबईत दोन उपाय आहेत. रेडियमच्या सुया आत घालायच्या, म्हणजे एका खेपेत काम. नाहीतर यंत्राचे किरण बाहेरून, रोज, कितीतरी आठवडे. ठरवा, पण उशीर नको."

ठरवायचं कसं? कापडाची दोन ठाणं असती तर शेठनी चार दुकानं फिरून ठरवलं असतं. पण दुखणं असल्या जागचं, की बायकोलाही सांगायची लाज! मग धंद्यातली सवय कामी आली. भाव काढायचा तो नेहमी दुसऱ्याच्या नावानं. मुंबईला जाऊन-येऊन असलेल्या मिश्रीलालला त्यांनी विचारलं, "सुया बऱ्या की किरण? माझ्यासाठी नाही हो, ब्राह्मणपुरीच्या दोधू पाटलासाठी."

झालं! मिश्रीलालनं कंपाउंडरला विचारलं, कंपाउंडरनं साऱ्या बाजाराला. नंदुरबारात दोन तट पडले. कुणी म्हणे किरणांनी कातडी भाजते, कुणी म्हणे सुयांनी माणूस अंधारात चमकतो. शेठचा जीव आणखी खालीवर व्हायला लागला.

आणि एका दुपारी बैलगाडीतून शेठचा जुना दोस्त, खुद्द दोधू उतरला, लालबुंद.

"शांतिलाल, मना आंगनमा लोके रडी ऱ्हायनात! माले काय व्हयनं शे?"

शेठनी दार लोटलं आणि सगळं ओकून टाकलं. दोधूचा राग कुठल्या कुठे गेला.

"येड्या, माले सांगाले काय व्हयतं? आते चाल मुंबईले. मी संगे येस."

"पन लोकेस्ले काय सांगू?"

"मी आजारी, तू सोबती."

स्टेशनावर ही गर्दी! धडधाकट दोधूला हार घालून, दोन्ही दंडांना धरून डब्यात चढवलं. खरा रोगी मागून दोघांच्या पेट्या वाहत होता.

गाडी सुटायच्या वेळी लाडकंवर, शेठची बायको, खिडकीशी आली. तिनं जेवणाचा डबा नवऱ्याच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते.

"डॉक्टर हो म्हणाले तर सुयाच घ्या. इतके आठवडे खाणावळीचं तुमच्या पोटाला सोसायचं नाही."

शेठ गारच पडले. "तुला कुणी सांगितलं?"

"दुसऱ्याच्या दुखण्यानं तुमची झोप कधी उडाली होती?"