साडेतीन टनांचा हूक

"होडी मी नेतो," असं नेव्हिलने डूगलच्या अंत्यविधीच्या दिवशीच सांगून टाकलं होतं. तेही चर्चच्या दारात, सॉसेज रोल खाता खाता, चारचौघांत. आता माघार घेणार कशी?

डूगल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची रक्षा त्याच्याच होडीतून तळ्याच्या मध्यावर नेऊन सोडायची, एवढीच त्याच्या बायकोची, ग्लेनिसची, इच्छा होती. हॉस्पिटलात ती चहा आणायला गेली आणि तेवढ्यात डूगलने डोळे मिटले. शेवटचं बोलणं राहूनच गेलं. ते तिला पाण्यावर, आसपास कोणी नसताना बोलायचं होतं.

डूगलची गाडी विकली गेली होती. नेव्हिलकडे होती कॅम्परव्हॅन. आत पलंग, शेगडी, फुलाफुलांचे पडदे. पण मागे ट्रेलर ओढायला हूकच नव्हता.

"गॅरेजात टाक ना," ग्लेनिस म्हणाली.

"डूगलचं शेवटचं काम, आणि परक्याच्या हातून? छे. मी बसवतो."

"तू?"

"अगं, चार बोल्ट तर आवळायचे."

नवरा गेलेल्या बाईला वाद घालायचाही कंटाळा येतो.

होडी पत्र्याची, दोघांनी सहज उचलावी एवढी. नेव्हिलने तिच्यासाठी साडेतीन टन ओढणारा हूक आणला. दुकानदाराने विचारलं, "काय ओढणार आहात, घर?"

"मित्र," नेव्हिल म्हणाला आणि खिशात रुमाल शोधू लागला. दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कारण गाडीखाली सरपटत गेल्यावर दिसलं, की वर्षानुवर्षं समुद्राकाठी उभं राहून गाडीखालची लोखंडी चौकट, म्हणजे चासी, गंजून गेली आहे. स्क्रूड्रायव्हर टोचला तर पापडासारखा तुकडा हातात आला. शहाण्याने तिथेच हात जोडले असते. नेव्हिलने वरून काळा रंग मारला आणि बोल्ट आवळले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते याला. पण हूक दिसत होता झकास, आणि नेव्हिलला दोन महिन्यांत पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

शनिवारी तळ्यावर बोचरा वारा होता. आभाळ राखाडी, पाणी राखाडी, जमलेली माणसंही तशीच. ग्लेनिसने रक्षेचा प्लास्टिकचा डबा होडीत मागच्या फळीवर ठेवला. डूगल तिथेच बसायचा. मग ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली.

होडी पाण्यात सोडायचा उतार म्हणजे तिथलं नाट्यगृहच. कोणी ट्रेलर मागे घेऊ लागला, की काठावरचे सगळे गळ सोडून त्याच्याकडे बघत बसतात. नेव्हिलने गाडी मागे घेतली. वाकडी गेली. पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली.

"डावीकडे," कोणीतरी म्हणालं.

"त्याची डावी की आपली?" दुसऱ्याने विचारलं.

नेव्हिलने वैतागून कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली. ट्रेलर थांबला नाही. कडाड असा आवाज झाला आणि हूक, त्याचे चारही बोल्ट आणि चासीचा हातभर तुकडा घेऊन ट्रेलर उतारावरून निघाला. होडी बांधलेले पट्टे अजून सोडले नव्हते, त्यामुळे होडीही ट्रेलरसकट गेली. उतार संपतो तिथे पाणी एकदम खोल. बुडबुडे आले आणि थांबले.

ग्लेनिसचा हात तोंडावर तसाच राहिला होता. तिचं बोलणं दुसऱ्यांदा राहिलं, आणि या वेळी ते नेव्हिलमुळे.

तेवढ्यात डबा वर आला. झाकण घट्ट होतं. तो डुलत डुलत मध्याकडे निघाला, तशा काठावरच्यांनी टोप्या काढल्या. मग वारा फिरला आणि डबा हळूहळू परत आला. नेव्हिल बुटांसकट पाण्यात उतरला, त्याने तो उचलला आणि ग्लेनिसच्या हातात दिला. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही. तो पाठ फिरवून उभा राहिला.

ग्लेनिसने डबा मफलरने पुसला. "चहा आणायला गेले होते रे," ती हळूच म्हणाली. "दोनच मिनिटं."

मग ती डब्याशी तोंड नेऊन कितीतरी वेळ पुटपुटत राहिली. नेव्हिलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचे हात उठत नव्हते.

"नेव्हिल," मागून ग्लेनिसचा आवाज आला, "डूगल विचारतोय, हूक कोणी बसवला?"

नेव्हिलने नाक ओढलं आणि पायाखालच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "गॅरेजवाल्याने, म्हणावं."