पस्तीस हजारांची खुर्ची

सकाळचा चहा झाला की कोटेशनराव दुसऱ्यांचे भाव उतरवायला बसत.

हे नाव त्यांना कारखान्यात पडलं होतं. खरेदी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि तीन दुकानांचे दर मागवल्याशिवाय कधी टाचणीसुद्धा घेऊ दिली नाही. एकदा गोदामात आग लागली तेव्हा त्यांनी बादल्यांसाठी तीन कोटेशनं मागवली, असं लोक सांगतात. हे साफ खोटं आहे. बादल्यांसाठी नव्हे, वाळूसाठी मागवली होती, आणि तिसरं येईपर्यंत आग आपली आपणच विझली.

निवृत्तीनंतर दर मागवायला काही उरलं नाही. मग लेकीने फोन घेऊन दिला आणि त्यावर त्यांना ‘देवघेव’ सापडलं. आसपासचे लोक जुन्या वस्तू त्यावर विकायला टाकत. कुणाचा मिक्सर, कुणाची सायकल, कुणाचा एकदाच नेसलेला शालू. कोटेशनरावांना यातलं काहीच घ्यायचं नसे. ते फक्त खाली लिहीत, ‘भाव जास्त आहे.’ आणि पुराव्यादाखल तीन दुकानांचे दर जोडत.

त्यात काही वाईट होतं असंही नाही. मागच्याच महिन्यात एक नवं जोडपं जुनं कपडे धुण्याचं यंत्र नव्याच्या भावात घेणार होतं, ते कोटेशनरावांमुळे वाचलं. जोडप्याने त्यांचे जाहीर आभार मानले. तेव्हापासून त्यांची मान ताठ झाली ती उतरलीच नाही.

हे सगळं काम ते खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून करत. खुर्ची होती हे आपण फक्त तर्काने म्हणायचं. बुडाखाली एक उशी, पाठीला दुसरी, दोन्हींवरून जुनी चादर, उजव्या हातावर आठवड्याची वर्तमानपत्रं, डाव्यावर टॉवेल आणि दोन्ही हातांवर आडवी टाकलेली फळी. निरोप समारंभात त्यांनी शाल नाकारून ऑफिसातली ही खुर्ची मागून घेतली होती. ऑफिसातही तिच्यावर चादर अन् टॉवेल असायचेच. थोडक्यात, एकतीस अधिक चार वर्षं जिच्यावर ते बसले, ती त्यांनी नीट पाहिलेली नव्हती.

आणि घोटाळा तिथेच झाला.

त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणे, तिला लेकीचा फोन आला होता. लेक दोन महिने राहायला येणार होती, ऑफिसचं काम घरूनच करणार होती.

“आई, मला खिडकीशी टेबल लागेल. ते बाबांचं गाठोडं हलव तिथून.”

“गाठोडं नाही गं, खुर्ची आहे ती.”

“विकून टाक. मी तुला ‘देवघेव’वर खातं काढून देते. फोटो टाकलास की मला सांग.”

लेकीला नाही म्हणणं काकूंना कधी जमलं नव्हतं. पण खुर्ची गेली तर नवरा दिवसभर स्वयंपाकघरात उभा राहून गॅस बारीक कर, मोठा कर, असं सांगत बसेल, हेही त्यांना दिसत होतं. शिवाय खरं सांगायचं तर ओट्याशी उभं असताना त्या खुर्चीच्या वर दिसणारं ते अर्धं टक्कल त्यांना सवयीचं होतं, आवडतंही होतं. तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला. नवरा केस कापायला गेला तशी त्यांनी खुर्ची सोलून काढली, तेलाच्या फडक्याने पुसली, मागे पांढरा पडदा टांगला आणि फोटो काढला. पुन्हा सगळे थर होते तसे चढवले. किंमत टाकली पस्तीस हजार. एवढ्याला शहाणा माणूस घेणार नाही आणि वेड्याकडे एवढे असणार नाहीत. लेकही खूश, खुर्चीही जागेवर. विकणाऱ्याचं नाव लेकीने दिलं होतं, ‘घरचा माल’.

दुसऱ्या दिवशी चहा झाला.

“अगं, हे बघ! दिवसाढवळ्या दरोडा!” कोटेशनराव ओरडले. “एका जुनाट खुर्चीचे पस्तीस हजार!”

काकूंच्या हातातली पळी थांबली. “कसली खुर्ची?”

“फिरती आहे. लाकडी, कातडी बैठकीची. दिसायला बरी आहे, नाही असं नाही. पण पस्तीस हजार?”

“तुम्हाला घ्यायची आहे का?”

“मला कशाला? मला आहे की!” असं म्हणून त्यांनी टॉवेलवर थाप मारली.

“मग महाग वाटली तर पुढे जावं. दुसऱ्याच्या वस्तूची किंमत तुम्ही कशाला ठरवता?”

“इथेच तर चुकतं. सगळे गपचूप पुढे जातात, म्हणून भाव पुढे जातात. कुणीतरी चारचौघांत विचारायला नको?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी म्हण आहे. इथे कळसा काखेतही नव्हता, त्याच्यावर बसूनच वळसा चालला होता.

त्यांनी लिहिलं, ‘एवढ्यात तीन नव्या येतील.’ खाली तीन दर. दुपारपर्यंत चाळीस अंगठे मिळाले. काकूंनी आत जाऊन उत्तर टाकलं, ‘नको असेल त्याने घेऊ नये.’

“उद्धट आहे माणूस,” बाहेरून आवाज आला.

“बाईमाणूस असेल एखादं.”

“छे! बाईमाणूस इतकं तोडून बोलत नाही.”

काकूंनी फोडणीत मोहरी जरा जोरातच टाकली. जाहिरात काढून टाकावी तर लेक रोज विचारत होती, “आई, गिऱ्हाईक आलं का?” दोन-चार दिवसांत नवऱ्याचा उत्साह ओसरेल, असा त्यांचा अंदाज होता. पस्तीस वर्षांच्या संसारानंतरही माणूस किती चुकतो बघा.

दुसऱ्या दिवशी कोटेशनरावांनी फोटो मोठा करून तपासणी केली. “डावा हात झिजलाय. सगळा भार डावीकडे टाकून बसणारा कुणीतरी आळशी माणूस असणार आधीचा मालक,” ते डाव्या हातावर रेलून म्हणाले. “आणि इथे शाईचा डाग आहे. बेशिस्त!” हेही त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं, ‘दोन हजारांच्या वर देणारा मूर्ख आणि पस्तीस मागणारा लबाड.’

‘देवघेव’ चालवणारे कोपऱ्यावरचे औषधवाले होते. भांडण वाढतंय म्हटल्यावर त्यांनी सरळ मतदान घेतलं. दोनशे चौदा लोकांनी मत दिलं आणि योग्य किंमत ठरली अठराशे. विकणाऱ्याने हा दर मान्य करावा, नाहीतर जाहिरात काढावी, असा निकाल लागला.

काकूंनी ‘काढा’वर बोट नेलं होतं. देवाशप्पथ, नेलं होतं. तेवढ्यात बाहेरून आनंदाची आरोळी आली.

“अगं ऐकलंस का? ‘लबाड’वर शहाण्णव अंगठे! मी तर म्हणतो, अशा माणसाच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये.” आणि त्यांनी रिकामा पेला मागे धरला. “जरा पाणी दे गं.”

काकूंनी पाणी दिलं. ते सगळं पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि ‘मान्य’वर बोट दाबलं.

सकाळी दहाला दार वाजलं. दारात एक पोक आलेले गृहस्थ होते. बाजारपेठेतले घड्याळजी. कोटेशनरावांना बघून त्यांचा चेहरा उजळला.

“अहो, तुम्हीच ना ते? खुर्चीवाले! फोटोवरून ओळखलं. काय धुतलंत हो त्या लबाडाला!”

“कर्तव्य केलं,” कोटेशनराव म्हणाले. “आपण इकडे कसे?”

“खुर्ची न्यायला. तुमच्यामुळे परवडली. टेम्पो खाली उभा आहे.”

“पत्ता चुकला तुमचा.”

“नाही चुकला,” काकू बाहेर आल्या. “या, आत या. अहो, जरा उठता का?”

कोटेशनराव उठले. त्यांना वाटलं, पाहुण्याला बसायला देतेय. काकूंनी फळी काढली. टॉवेल काढला. वर्तमानपत्रांचा गठ्ठा खाली ठेवला, पाठीची उशी काढली, चादर ओढली, बुडाखालची उशी काढली. आणि कोटेशनरावांसमोर ती उभी राहिली. गडद लाकडाची, कातडी बैठकीची, डावा हात झिजलेली.

“ही... ही तर ती!” ते म्हणाले.

“तीच,” काकू म्हणाल्या.

त्यांच्या तोंडाला कोरड पडली. पण पाणी मागायची हिंमत झाली नाही.

घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि खुर्ची तपासायला सुरुवात केली. “शाईचा डाग बरोबर. झीज बरोबर. सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे.”

“पण लाकूड बघा की!” कोटेशनराव एकदम म्हणाले. “अस्सल सागवान! स्प्रिंग बघा, पस्तीस वर्षांत कुरकुर नाही. असा माल आता मिळत नाही हो! अठराशेला? मी... मी तुम्हाला अडीच हजार देतो, नेऊ नका.”

“दोनच्या वर देणारा मूर्ख, असं तुम्हीच लिहिलंत.”

“लिहिलं खरं.”

“आणि शहाण्णव जणांनी...”

“माहितीये.”

घड्याळजी खुर्चीत बसले. पाठ टेकवली. डोळे मिटले.

“सहा वर्षं स्टुलावर बसून घड्याळं उघडतोय,” ते हळूच म्हणाले. “आज पहिल्यांदा पाठ सरळ झाली.”

कोटेशनरावांनी स्वतः जिन्यातून खुर्चीचा एक पाय धरला. टेम्पो वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

वर येऊन ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. “पस्तीस हजार का टाकलेस तू?”

“एवढ्याला कुणी नेली नसती म्हणून.” काकूंनी लेकीची सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे विकायचीच नव्हती?”

“नव्हतीच.”

“आणि मी तुला लबाड म्हटलं.”

“चारचौघांत.”

“मग मान्य का केलंस?”

“राग आला म्हणून.” काकूंचा आवाज जरा ओला झाला. “आता वाईट वाटतंय. ओट्यावरून बघितलं की तिथे काहीच दिसत नाही.”

थोड्या वेळाने कोटेशनरावांनी उठून गॅस बारीक केला. काकूंनी त्यांना काही म्हटलं नाही, यावरून काय ते समजा.

लेक आली. खिडकीशी टेबल लागलं. कोटेशनराव डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर ताठ बसून फोन बघत, पण कुणाच्या भावात तोंड घालत नसत. लोक खाली विचारत, ‘काका कुठे गेले?’ काका दोनदा घड्याळजींच्या दुकानावरून जाऊन आले होते. एकदा तर चालू घड्याळ घेऊन आत शिरले आणि सेल बदलून घेतला.

आठवडाभराने ‘देवघेव’वर नवी जाहिरात आली. फिरती खुर्ची, लाकडी, कातडी बैठक. किंमत पन्नास हजार. विकणारे, घड्याळजी.

या वेळी खुर्ची ओळखायला क्षण लागला नाही. कोटेशनरावांचं डोकं फिरलं. “पाठ सरळ झाली म्हणे! अठराशेला नेली आणि पन्नास मागतो! खरा लबाड हाच!”

“लिहू नका काही,” काकू घाबरून म्हणाल्या.

“लिहीत नाही. तोंडावर विचारतो.” आणि पायात चपला अडकवून ते तरातरा निघाले.

दुकान बोळकंडीएवढं होतं. त्यात खुर्ची अशी बसली होती की मागच्या खोलीत जायला आडवं व्हावं लागे. घड्याळजी तिच्यात रेलून एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते. पाठीला उशी होती. डाव्या हातावर टॉवेल.

कोटेशनराव तोंड उघडणार, तोच मागच्या दारात घड्याळजींची बायको आली. “अहो, त्या धुडाची जाहिरात टाकलीत का? रोज माझा गुडघा आपटतो.”

“टाकली, टाकली. कालच टाकली.”

“मग गिऱ्हाईक?”

“तीनशे लोकांनी पाहिली. एकजण विचारेल तर शपथ!” घड्याळजींनी सुस्कारा सोडला. “मंदी आहे. आपण तरी काय करणार?”

ती आत गेली. घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं आणि कोटेशनरावांकडे नुसतं बघितलं. त्या नजरेत अपराध होता आणि विनवणीही.

कोटेशनराव गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. फोन काढला. जाहिरातीखाली लोक त्यांच्याच नावाने हाका मारत होते, ‘काका, या! उतरवा भाव!’ त्यांनी चष्मा नीट केला आणि सावकाश लिहिलं, ‘मी वस्तू स्वतः पाहिली आहे. किंमत योग्य आहे.’

घड्याळजींचा फोन वाजला. त्यांनी वाचलं. उठले, टॉवेल झटकला आणि खुर्ची वळवून कोटेशनरावांपुढे केली.

“बसा थोडा वेळ. मी चहा सांगून येतो.”

कोटेशनराव बसले. भार आपोआप डाव्या हातावर गेला. मग जाणाऱ्या घड्याळजींना त्यांनी हलक्या आवाजात परत बोलावलं.

“पन्नास नको, साठ करा. एखादा मूर्ख पन्नासलासुद्धा तयार व्हायचा.”