रिकाम्या टाकीचा खुराक

कोपऱ्यातल्या रिकाम्या टाकीत इन्स्पेक्टरांनी रोजच्यासारखं चिमूटभर माशांचं खाद्य टाकलं आणि त्यांच्या बायकोने रोजच्यासारखा कपाळाला हात लावला.

"अहो, आत मासा नाहीये."

"दिसतंय मला. हे फिल्टरमधल्या जिवाणूंसाठी आहे. ते उपाशी मेले, तर उद्या नवा मासा आल्यावर पाणी स्वच्छ कोण ठेवणार?"

"दीड वर्ष झालं, तो उद्याच येतोय!"

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत, आरोग्य खात्यातले. ते निवृत्त झाले, पण साथीचे रोग काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाले नव्हते. समोरच्या भिंतीशी त्यांची मोठी टाकी होती, तिच्यात अकरा मासे. पूर्वी पंचवीस होते. एकदा त्यांनी एक देखणा नवा मासा थेट तिच्यात सोडला. त्याच्या अंगावरचे पांढरे ठिपके बघता बघता सगळ्यांच्या अंगावर उमटले आणि आठ दिवसांत चौदा मासे गेले. इन्स्पेक्टर तेव्हा न्हाणीघराचं दार लावून रडले होते. तेव्हापासून नियम झाला: नवा मासा आधी अठ्ठावीस दिवस कोपऱ्यातल्या टाकीत एकटा राहणार. टाकी सदैव तयार होती, फक्त नवा मासा आणायचा धीर त्यांना होत नव्हता.

बायकोला मात्र तो कोपरा शिलाई मशीनसाठी हवा होता. तिला अलीकडे सुईत दोरा ओवता येईना आणि घरात चांगला उजेड तेवढ्या एका खिडकीपाशी. खिडकीच्या एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला इन्स्पेक्टरांची आरामखुर्ची. "रविवारपर्यंत आत मासा दिसला नाही, तर टाकी माळ्यावर जाईल," तिने जाहीर केलं.

रविवारी इन्स्पेक्टर एक मासा घेऊन आले. तपकिरी, मिशाळ, कुणी फुकट दिला तरी नको म्हणावं असा.

"याहून बरा नव्हता?" बायकोने विचारलं.

"देखण्यांवर माझा विश्वास उरलेला नाही."

पण पदरी पडलं आणि पवित्र झालं. इन्स्पेक्टर सकाळी फिरायला जात, म्हणून खाद्य टाकायचं काम बायकोकडे आलं. चार दिवसांत मासा तिची चाहूल लागताच काचेला येऊन भिडू लागला. आठवड्याभरात ती त्याला 'मिशीवाले' म्हणू लागली, आणि दुसरा आठवडा संपेतो फोनवर भावाला त्याचं कौतुक सांगू लागली.

भाऊ उत्साही होता. मिशीवाले येऊन तीन आठवडे झाले त्या रविवारी तो पिशवीत लालभडक मासा घेऊन हजर झाला. "ताई, तुझ्या मिशीवाल्याला सोबत!"

दीड वर्ष वाट पाहणारी टाकी नेमकी त्या दिवशी भरलेली होती.

"सोडा ना भाऊजी त्यातच," मेहुणा म्हणाला.

"गोवर आणि कांजिण्यांचे पेशंट एकाच खाटेवर झोपवतोस का तू?"

लाल मासा फरशी पुसायच्या नव्याकोऱ्या बादलीत गेला. बादलीला वेगळा पंप आला, वेगळी जाळी आली. इन्स्पेक्टर साबणाने हात धुवून परततात तो काय, मेहुणा बादलीतलीच जाळी मोठ्या टाकीत बुडवून उभा!

"एक पान तरंगत होतं हो. म्हटलं, काढावं."

इन्स्पेक्टर मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी अकराही माशांकडे डबडबलेल्या डोळ्यांनी पाहिलं आणि निकाल दिला, "हे सगळे आता संशयित. आजपासून अठ्ठावीस दिवस." कॅलेंडरवर त्यांनी लाल गोल केला.

पुढचा रविवार उजाडला. मिशीवाल्याचे अठ्ठावीस दिवस भरले होते. इन्स्पेक्टरांनी भिंगातून त्याला शेपटीपासून मिशीपर्यंत तपासलं, निरोगी ठरवलं आणि जाळी उचलली.

"कुठे नेताय त्याला?" बायकोने विचारलं.

"मोठ्या टाकीत. सुटका झाली त्याची. लाल मासा आता इथे, तुझी बादली मोकळी."

"तिथले अकरा संशयित आहेत ना?"

"आहेत, पण..."

"त्यांचे सातच दिवस झालेत. एकवीस बाकी आहेत. कॅलेंडरवर गोल कुणी काढलाय? अख्ख्या घरात हा एकटाच धडधाकट, आणि त्याला तुम्ही साथीत ढकलताय? आरोग्य खात्यात असंच करायचात का?"

इन्स्पेक्टरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काचेपलीकडे मिशीवालाही तेच करत होता. नोकरीच्या बत्तीस वर्षांत नियमावर बोट ठेवून त्यांना असं कुणी गप्प केलं नव्हतं. मनातून त्यांना बायकोचा थोडा अभिमानही वाटला.

दुपारपर्यंत आरामखुर्ची माळ्यावर गेली आणि तिच्या जागी मशीन आली. बायकोने पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला, मिशीवाल्याकडे पाहून हसली आणि चपला घालणाऱ्या नवऱ्याला हाक मारली.

"अहो, बाहेर जाताय तर येताना एक टाकी आणा. रिकामी असू दे. तयार असलेली बरी."