घामपट्टीचा पहिला उन्हाळा

आपण दमलो की आपल्याला ते आपोआप कळतं, हा माणसाचा फार जुना गैरसमज आहे. तो दूर करण्यासाठी १९९४च्या मे महिन्यात आमच्या रोजगार हमी कार्यालयात साठ घामपट्ट्या आल्या. पट्टी दंडाला चिकटवायची. घामातलं मीठ वाढलं की पांढऱ्याची गुलाबी होणार. गुलाबी झाली की मजुराला अर्धा तास मंडपातली सावली आणि माठातलं पाणी. पांढरी असेल तर माणूस ठणठणीत. (सुई नाही, रक्त नाही, माणसाशी बोलायचीही गरज नाही.)

चाचणी भीमपूरकडच्या एका तलावाच्या खोदकामावर झाली. देखरेखीला आमचे पांडुरंगराव. त्यांनी स्वतःलाही पट्टी लावली. तपासणीची जीप आलेली पाहताच ती गुलाबी झाली आणि पहिला अर्धा तास मंडपात तेच बसले.

दुपारी मातीच्या पाट्या वाहणारी प्रयागबाई खाली बसली ती उठेचना. अंग तव्यासारखं तापलेलं, पण कोरडं. काहीबाही बरळत होती. पट्टी पांढरीशुभ्र.

‘तब्येत उत्तम,’ पांडुरंगरावांनी वहीत लिहिलं.

तिच्या जोडीची पंचफुला ओरडली, "साहेब, बाई मरून राह्यली, अन् तुमी पट्टी काऊन पाहून राह्यले?"

"घाम नाही म्हणजे थकवा नाही. मी काय करू, बाई?"

पंचफुलानं शिदोरीतलं मीठ आपल्या कपाळाच्या घामात कालवलं आणि प्रयागबाईच्या पट्टीवर चोळलं. पट्टी गुलाबी झाली.

पांडुरंगराव ताडकन उठले. "अरे, बघता काय? सावलीत घ्या! जीप आणा!"

ओल्या लुगड्यात गुंडाळून बाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन फार लागलं की घामच थांबतो. तासभर उशीर झाला असता तर बाई गेली होती. तिसऱ्या दिवशी प्रयागबाई उठून बसली आणि पंचफुलाचा हात तिनं बराच वेळ सोडला नाही. (याची वहीत नोंद नाही.)

चौकशी मात्र रीतसर झाली. आरोप: शासकीय पट्टीत भेसळ.

"तिचा घाम संपला व्हता," पंचफुला म्हणाली, "म्या माहा देला."

अहवालानुसार पट्टी निर्दोष ठरली. प्रयागबाईनं पूर्वसूचना न देता घाम बंद केला होता. पंचफुलाला कामावरून काढलं.

मंडपात साठजण सहज मावत होते आणि माठ भरलेले होते. मग सगळ्यांनाच अधूनमधून सावलीत का बसवलं नाही, हा प्रश्न चौकशीत कोणालाही पडला नाही. इथवर वाचून तुम्हालाही पडला नसेल, तर जरूर अर्ज करा. आमच्या कार्यालयात एक जागा रिकामी आहे.