मेंढ्यांच्या कुरणात इद्वालची डुकरं

इद्वालने मेहुण्याचं कुरण डुकरांसाठी विकत घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ते शुद्ध करायला घेतलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चरलेल्या. म्हणजे पात्यापात्यावर मेंढ्यांचे जंत त्याच्या डुकरांची वाट बघत बसले असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. अख्खा जन्म कार्डिफ शहरात विमा कंपनीत काढून गावी आलेला माणूस; धोका ओळखणं हाच त्याचा धंदा.

त्याने गवत कापलं, चुना टाकला आणि भर पावसात वाकून लेंड्या वेचल्या. हे बघायला गाव कुंपणाशी जमू लागलं. मेहुणा ग्रिफही आला.

"दाजी, चमचा आणून देऊ का?"

"तुझ्याच मेंढ्यांची घाण काढतोय! आत येऊ नकोस. बुटांना काय काय चिकटलं असेल!"

ग्रिफ त्याच कुरणात लहानाचा मोठा झालेला. तो गुमान परत फिरला आणि रविवारी बहिणीकडे जेवायलाही आला नाही.

"माझा भाऊ म्हणजे काय रोगराई आहे?" मेरेरिड नवऱ्यावर कडाडली. "मेंढ्यांचे जंत डुकरांना सहसा होत नाहीत, असं गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात."

"त्या म्हणणारच. इथे सगळे मेंढ्यांच्याच बाजूचे!"

बाजारातून पिल्लं आली. मेरेरिड म्हणाली, "आधी वेगळी ठेव. जंताचं औषध दे, मग सोड."

"एवढं स्वच्छ कुरण असताना औषध कशाला?" इद्वालने गावाला बोलावणं धाडलं होतं. पाद्रीबाबा दोन शब्द बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पिल्लं थेट कुरणात शिरली.

काही आठवड्यांत ती खोकू लागली. खायची बकाबका, पण बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. इद्वालने चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत ग्रिफला गाठलं. "तुझ्या मेंढ्यांनी माझी डुकरं खाल्ली!"

ग्रिफचे कान लाल झाले. तो तडक डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्यांनी डुकरांची विष्ठा तपासायला नेली आणि दोन दिवसांनी निकाल सांगितला.

"हे डुकरांचेच जंत. पिल्लांच्या पोटातूनच आलेत. कुरण चांगलं होतं."

"होतं म्हणजे?"

"आता मातीत अंडी पडलीत. ती वर्षानुवर्षं टिकतात. औषध द्या, डुकरं दुसरीकडे हलवा आणि इथे मेंढ्या चारा."

मेंढ्या गावात एकाकडेच होत्या. मेरेरिडने नवऱ्याला दंडाला धरून भावाच्या दारात उभं केलं. इद्वालने टोपी काढली, घसा खाकरला आणि चर्चच्या दारात बोललेलं सगळं एकदाचं मागे घेतलं. ग्रिफने ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "अदलाबदल करू, दाजी. मेंढ्या तुमच्याकडे, डुकरं माझ्या वरच्या कुरणात."

इद्वालने वर पाहिलं. तिथे गवतापेक्षा लेंड्याच जास्त दिसत होत्या, त्याही ताज्या. त्याने तोंड उघडलं. मेरेरिडने त्याच्या पायावर पाय दिला.

"वा!" इद्वाल म्हणाला. "किती आरोग्यदायी जागा!"